आठ नंबरची पावडर

मी शाळेत गेलो नाय, कारण माझा गुडघा. आमचं रक्त गोठतच नाय. हिमोफिलिया म्हणतात त्याला. काय लागलं नाय तरी गुडघ्यात रक्त साचायचं आन तो भोपळ्यागत फुगायचा.

माझ्या मावसभावाला पण हेच. आजार आईकडून येतो, म्हणून दोघी बहिणींनी आम्हाला सारखा वाटून दिला. पण तो निफाडचा, द्राक्षबागवाला. त्याला मुंबईहून नवी पावडर यायची. पाण्यात कालवून शिरेत दिली की गडी दोन दिवसांत उभा. मला बर्फ. लग्नाकार्यात लोक त्याला पोरगी दाखवायचे, मला खुर्ची.

ऐंशी सालानंतर एकदा गुडघा असा फुगला की डॉक्टर म्हणाले, "या वेळी रक्त थांबलं नाही तर पाय कायमचा वाकडा राहील. फॅक्टर आठ पाहिजे, त्याची पावडर येते."

मला ऐकू आलं, फॅक्टरी आठ. म्हणलं, भावापुढं हात पसरायला नको. रिक्षा करून सातपूरला, नाशकातल्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो आन आठ नंबरच्या प्लॉटवर वॉचमनला म्हणलं, "रक्त थांबायची पावडर द्या."

तो म्हणाला, "भाऊ, इथं नटबोल्ट बनतात. इथं रक्त थांबत नाय, निघतं."

घरी आलो तर गुडघा दुप्पट. आईनं मला न विचारता निफाडला निरोप धाडला. संध्याकाळी मावसभाऊ हजर, थर्मासात बर्फ आन बर्फात दोन बाटल्या.

"सातपूरला गेलता म्हणं. नट मिळाला का?"

"तुझ्यापुरती ठेवली का?"

"नाय. दुसरी येईल तवा येईल."

"मग मला नको."

"गप घे. जळायला तरी जिता राहा."

घेतली. गुडघा उतरला, पाय सरळ झाला. गल्लीतल्या बाया मला बघायला आल्या आन त्याचं कौतुक करून गेल्या. आजवर मी त्याच्या बागेवर, पावडरीवर जळायचो. आता त्याचं मन पण मोठं निघालं, म्हणजे अजून एक काम वाढलं.

जवळ पावडर नाय म्हणून तो जपून घरातच बसला. आई माझ्यासाठी आणलेली पपई घेऊन त्याला बघायला निघाली. मी पण गेलो, स्टँडपासून मुद्दाम चालत. जन्मात पहिल्यांदा मी चालत व्हतो आन तो खाटेवर व्हता. ते सुख पण नीट घेता आलं नाय, कारण मला दारात बघून तो टाळ्या वाजवायला लागला.