वर निघालेली बाई

तिचं नाव मला आजही माहीत नाही. भूकंप लांब कोयनेकडं झाला होता, पण कोल्हापुरात आमच्या अकराव्या मजल्यावर झुंबर डुलायला लागलं. अकराव्या मजल्याची हौस माझीच. सगळे जिन्यानं खाली धावत होतो आणि त्या गर्दीतून एकटी बाई वर येत होती. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेतलेला दुधाचा तांब्या तिच्या हातात होता.

"मावशी, वर इमारत हलतीय," मी म्हणालो.

"खाली तर काय बी न्हाय. म्हशीनं कानबी हलवला न्हाय."

"खाली कळत नाही. झोका उंचावरच जाणवतो."

"मग तर जायलाच पायजे. दहाव्यावर आज्जी अंथरुणाला खिळून हाय. एकटीनं कसं घाबरायचं तिनं?"

तांब्यावर पदर धरून, लोकांना कोपरानं बाजूला सारत ती चढत राहिली.

आम्ही पार्किंगमध्ये माना वर करून बराच वेळ उभे होतो. शेवटी दहाव्या मजल्याच्या गॅलरीत ती दिसली. रिकामा तांब्या उपडा करून दाखवत तिनं हाक दिली, "आज्जी दूध पिऊन झोपली. या की आता वर, पावणं."