पंच्याण्णवचे पाय

"जाणार आहात की नाही, एवढंच सांगा."

"विभा, किती वेळा सांगू? उद्या सकाळी स्टेडियमवर क्रेनची उचल आहे. तीन महिने त्या एका उचलीची तयारी चाललीय."

"क्रेन काय तुम्ही खांद्यावर घेणार आहात?"

"वेळापत्रक माझं आहे."

"मुलगाही तुमचाच आहे!"

सुरेश गुडघे टेकून सायकलची साखळी पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. ही सायकल गेल्या नोव्हेंबरपासून रस्त्यावर उतरलीच नव्हती. मागचं चाक काढून ती ट्रेनरवर चढवलेली, समोर भिंतीवर टीव्ही. पायडल मारायचं इथं आणि डोंगर चढायचा पडद्यावर, असा तो प्रकार.

विभावरी दारात उभी होती. हातात पोळ्यांचं पीठ तसंच.

"तिळाच्या वड्या पाठवून तीन आठवडे झाले. तिकडं कॅनडात, विनिपेगच्या पोस्टात पडून आहेत. मी रोज बघते कॉम्प्युटरवर. त्याच्या घरापासून ते पोस्ट दोन चौक लांब आहे."

"उणे पस्तीस आहे तिकडे. खिडकीपर्यंत बर्फ साचलाय. वड्यांसाठी कोण बाहेर पडेल?"

"मिहीर पडेल. तिळाच्या वडीसाठी तो पोरगा सासरहूनसुद्धा पळून आला असता."

"तो ठीक आहे. मी बघतो ना दर शनिवारी."

"काय बघता? निळ्या बनियनमधली बाहुली बघता."

"जर्सी म्हणतात तिला."

"बाहुली बोलते का? फोनवर माझ्याशी काय बोलतो, ऐकलंय? हो आई, जेवलो आई, ठेवतो आई. आरती म्हटल्यासारखं. तोंड इकडं आणि मन कुठं!"

बाहेर दोह्यात, अल दुहैलच्या रस्त्यावर हॉर्नचा नुसता धुमाकूळ चालला होता. काल अबुधाबीत कतारनं फुटबॉलचा आशिया कप जिंकला होता आणि आज गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धं अंग बाहेर काढून पोरं झेंडे नाचवत होती. जेवणाच्या टेबलाशी अंतरा दहावीचं विज्ञान उघडून बसली होती. कानात इयरफोन होते, पण पान मघापासून उलटलं नव्हतं.

"माझा व्हिसा असता ना," विभावरी म्हणाली, "तर तुम्हाला विचारलंसुद्धा नसतं. दीड वर्षापूर्वी त्याला सोडायला तुम्ही गेलात, तुमचाच व्हिसा झाला. आता जायचं तर तुम्हीच जाऊ शकता. नाहीतर मी इथं कशाला घसा फोडून घेतला असता?"

"नसरुद्दीनसाहेब सुट्टी देत नाहीत. कुणालाच नाही. न विचारता गेलो तर नोकरी गेली. नोकरीबरोबर आपला तिघांचाही इथला व्हिसा गेला. हिची बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलीय. मग कुठं बसवणार हिला? नाशिकला, परीक्षा झाल्यावर?"

"डोंट पुट इट ऑन मी, बाबा," टेबलावरून आवाज आला.

"तू अभ्यास कर."

"बाविसाच्या वर्ल्ड कपपर्यंत थांब, बाविसापर्यंत थांब!" विभावरीचा आवाज चिरकला. "आठ वर्षं ऐकतेय. आईच्या ऑपरेशनला बावीस, घराच्या रंगाला बावीस. पोरगं बाविसापर्यंत थांबणार आहे का?"

सुरेशनं घड्याळ पाहिलं. पाचला पाच कमी. विनिपेगमध्ये सकाळचे आठ वाजत आले असतील.

"त्याची वेळ झाली," तो म्हणाला, आणि सायकलचे बूट चढवू लागला.

शनिवार त्यांच्या घरात असा होता. दोह्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिकडची शनिवार-रविवार. चौघांना मिळून वाट्याला आलेला तो एकच दिवस. सुरेशनं त्यातला एक तास पोराबरोबर सायकलवर घालवायचा, हे मिहीर गेला तेव्हाच ठरलं होतं. हिवाळा लागल्यावर तिकडं बर्फानं मिहीरची सायकल तळघरातल्या अशाच ट्रेनरवर गेली, तसा बापही खोलीत गेला; आता पडद्यावर दोघांच्या बाहुल्या बरोबर चालायच्या. खरं तर दोह्यात सायकल बाहेर काढावी असे वर्षातले हेच चार महिने. आज बाहेर अशी हवा होती की मेलेल्या माणसानंही फिरायला जावं. आणि हा गृहस्थ एसी अठरावर लावून, भिंतीकडे तोंड करून घामाघूम व्हायचा. "पोरगा कोंडलाय, मी कसा मोकळा फिरू?" एवढंच तो म्हणायचा. शेजारी हसायचे. विभावरी हसायची नाही. ती एसी अठरावरून बाविसावर करायची आणि तो पुन्हा अठरावर.

सायकलचं वेड त्याला आजचं नव्हतं. बाप सातपूरच्या कारखान्यात फिटर. त्याची काळी, जड सायकल घेऊन पोरगा दर रविवारी पांडवलेण्यापर्यंत जायचा आणि युरोपातल्या शर्यतींची चित्रं रद्दीच्या मासिकांतून कापून वहीत चिकटवायचा. कतारला नोकरी लागली तेव्हा पगाराआधी त्यानं हे विचारलं होतं, की तिथं फेब्रुवारीत मोठी शर्यत होते म्हणतात, ती रस्त्यावरून बघता येते का? यायची. मिहीर दहा वर्षांचा असताना बापलेक अल खोरच्या रस्त्याला वाळूत सतरंजी टाकून चार तास बसले होते. शर्यत समोरून गेली ती पुरी अर्धं मिनिटसुद्धा नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी फेकलेली पाण्याची बाटली थेट मिहीरच्या पायाशी आली. शर्यत पुढं बंद पडली. बाटली अजून टीव्हीवरच्या फळीवर होती. तिच्यावर कुणी फडका मारला तरी सुरेश ओरडायचा.

त्यानंच पोराला शिकवलं. जड गिअर लावून जोर काढायचा नाही, गिअर हलका ठेवायचा आणि पाय भिंगरीसारखे फिरवायचे. मिनिटाला पंच्याण्णव फेरे. सुरेश शेजारून मोजायचा, पोरगा फिरवायचा. पंधराव्या वर्षी मिहीरचे पाय आपोआप पंच्याण्णववर लागायचे. चढ असो, उतार असो, ताप असो. सुरेश साईटवर लोकांना सांगायचा, "घड्याळ चुकेल हो. आमच्या पोराचे पाय चुकायचे नाहीत."

पडदा उजळला. खोटे डोंगर, खोटी झाडं. निळ्या जर्सीतली बाहुली रस्त्याच्या कडेला वाट बघत उभी होती. वर नाव: मिहीर.

"आला बघ," सुरेश म्हणाला.

विभावरी गेली नाही. दारालाच टेकली.

"आज त्याला काहीतरी विचारा."

"दम लागलेला असतो. कोण बोलतं सायकलवर?"

"लिहून विचारा. वड्या का नाही आणल्यास, एवढं विचारा."

सुरेशनं वर केलेल्या अंगठ्याची खूण पाठवली. समोरून अंगठा आला. दोन्ही बाहुल्या निघाल्या.

पहिली दहा मिनिटं खोलीत फक्त ट्रेनरची घरघर होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते: वेग, जोर, पायांचे फेरे. सुरेशचे नव्वद. मिहीरचे बहात्तर.

"तो आकडा कसला?" विभावरीनं विचारलं.

"कुठला?"

"मिहीरच्या नावापुढं. बहात्तर."

सुरेश पायडल मारत राहिला. तो आकडा त्यानं आज पहिल्यांदा पाहिला नव्हता. ख्रिसमसनंतरच्या पहिल्या शनिवारी तो सत्तर होता. त्यानं मनाशी म्हटलं, थंडीनं स्नायू आखडले असतील. पुढच्या शनिवारी चौऱ्याहत्तर. त्यानं म्हटलं, परीक्षेचा शीण असेल. असे सहा शनिवार तो स्वतःला समजावत आला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं ना! पोरगा वेळेवर यायचा, तासभर चालवायचा, अंगठा पाठवायचा. साईटवर शंभर गोष्टी तपासणारा माणूस; त्यानं त्या एका आकड्यावरून नजर फिरवली होती.

"अहो, मी विचारतेय. तुम्हीच म्हणायचात ना, पंच्याण्णव?"

चढ लागला. सुरेशनं पाय थांबवले.

नुसते थांबवले. दोन्ही बूट पायडलवर तसेच. त्याची बाहुली चढावर मंदावली, लटपटली आणि उभी राहिली.

"काय झालं? दुखतंय का छातीत?"

"थांब."

खऱ्या रस्त्यावर असं झालं की मिहीर वळायचा. चाक बसलं असो, नुसती बुटाची नाडी सुटलेली असो. पुढं अर्धा किलोमीटर गेला असला तरी मागं बघायचा, वळायचा, येऊन उभा राहायचा. "बाबा, काय झालं?" लहानपणापासूनची खोड. लुसैलच्या रस्त्यावर एकदा तो उलट्या वाटेनं परत आला म्हणून पोलिसानं दोघांनाही झापलं होतं.

निळी बाहुली चढ चढत राहिली. बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर. वळणावर पोचली, झाडामागं गेली, दिसेनाशी झाली.

सुरेश पडद्याकडे बघत होता. मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात उचलत नव्हता.

"हा मिहीर नाही," तो म्हणाला.

"काय?"

"हा मिहीर नाही, विभा."

त्यानं फोन घेतला. मिहीरला लावला. वाजून वाजून बंद झाला. मग हारिसला. हारिस मिहीरच्या घरातला जोडीदार, दोह्याच्याच शाळेतला, महमूदभाई हेडक्लार्कांचा मुलगा. मूळचे रायगडचे. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला आणि आधी ऐकू आला तो धापा टाकणारा श्वास. मागं घरघर. सुरेशच्या खोलीत होती तीच घरघर, जगाच्या दुसऱ्या टोकाला.

"हां... काका... सलाम..."

"कुठं आहेस?"

"खाली आहे, काका... बेसमेंटमध्ये."

"काय करतोयस?"

घरघर थांबली. पडद्यावर, झाडापलीकडं कुठंतरी, मिहीरच्या नावापुढं शून्य आलं.

"काका, मी त्याला बोललो होतो, हे बरोबर नाय," हारिस घाईघाईनं बोलू लागला. "अल्लाशपथ बोललो होतो. तो म्हणाला, एवढं एक कर माझ्यासाठी. ख्रिसमसपासून तो उठतच नाय, काका. वर्गात जात नाय. पडदा उघडू देत नाय. मी ताट नेऊन ठेवतो, कधी खातो, कधी नाय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर भिंतीकडं तोंड फिरवतो. मी अब्बांना सांगणार होतो, पण त्यानं हात धरले माझे. म्हणाला, शनिवारी फक्त तू बस. बाबा आकडे बघतात. तास पूर्ण झाला की त्यांना बरं वाटतं."

विभावरीनं तोंडावर हात धरला. पीठ गालाला लागलं. अंतरा केव्हाची दारात येऊन उभी होती.

"फोन घेऊन वर जा," सुरेश म्हणाला. "त्याला दाखव मला."

जिन्याच्या पायऱ्या, एक अंधारी खोली. खिडकीच्या फटीतून बर्फाचा पांढरा उजेड आणि गादीवर गोधडीचा ढीग. ढिगातून चेहरा वर आला. दाढी वाढलेली. डोळे मिचकावत तो फोनकडे बघत राहिला, कुणी ओळखीचं दिसतंय का असं.

"मिहीर," सुरेश म्हणाला.

"बाबा. तुमची राइड झाली?"

"झाली."

"सॉरी. हारिसनं नीट चालवली ना?"

अरे पोरा, असं बापाला म्हणायचं होतं. काय झालं तुला, मला का नाही सांगितलंस, म्हणायचं होतं. एकोणीस वर्षांत जे कधी बोलला नव्हता ते सगळं एका दमात आलं आणि ओठांशीच अडकलं. बाहेर पडलं ते एवढंच:

"गिअर जड ठेवतो तो."

मिहीर हसल्यासारखा झाला. मग त्यानं हात पुढं केला, फोन गादीवर पालथा पडला, आणि सगळं काळं झालं.

कुणी ओरडलं नाही. विभावरी ओरडायची थांबली, याचीच सुरेशला जास्त भीती वाटली. ती खाली बसली होती, ट्रेनरला पाठ लावून.

"अंतरा," तो म्हणाला, "सगळ्यात आधीचं विमान बघ."

"बघितलंय. कालच." तिनं फोन पुढं केला. "साडेनऊला एक आहे, दोनदा चेंज करावं लागतं. बाबा, माझ्या बोर्डचं सोडा. आय विल मॅनेज. खरंच. नाशिकला रिपीट केलं तरी चालेल मला."

"तुला माहीत होतं?"

"तो माझ्या मेसेजना रिप्लाय नाही करत. मेनी वीक्स. मी आईला सांगितलं." ती थांबली. "तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, ही इज डुइंग फोर्टी किलोमीटर एव्हरी वीक."

सुरेशनं नसरुद्दीनसाहेबांना दोन ओळी लिहून पाठवल्या. त्यात कृपया नव्हतं. पासपोर्ट कपाटातून काढला. बॅग भरायला पाच मिनिटं पुरली, कारण काय न्यायचं ते त्याला सुचतच नव्हतं. शर्ट घातले, लोकरीचे दोन मोजे घातले. फळीपाशी जाऊन बाटलीला हात लावला आणि हात मागं घेतला. विभावरीनं काही न विचारता तिळाचा डबा कपड्यांत खोचला. डब्यात उरल्यासुरल्या सहा वड्या होत्या.

खाली टॅक्सी आली. तिच्याही खिडकीला झेंडा होता. सुरेशच्या खिशात फोन वाजू लागला. काढून बघायची गरज नव्हती. साहेब उत्तराला कधी वेळ लावत नसत.

"अहो."

तो दारात थांबला.

विभावरीचा आवाज आता अगदी साधा होता, भाजी काय आणायची ते विचारावं तसा. "तिथं पोचाल. त्याच्या उशाशी बसाल. मग? बोलणार काय त्याच्याशी?"

खिशातला फोन वाजत होता. बाहेर हॉर्न वाजत होते. सुरेशनं तिच्याकडं पाहिलं, ट्रेनरवरच्या सायकलीकडं पाहिलं, पडद्यावर अजून चढावर उभ्या असलेल्या स्वतःच्या बाहुलीकडं पाहिलं. त्यानं बॅग उचलली आणि तो जिना उतरू लागला.