आवरायला अर्धा तास

मोठ्या जहाजावर फिरायला जाणाऱ्या लोकांना अजूनही कोट-टाय घालून, नटूनथटून जेवायला बसायची हौस उरली आहे का, असा प्रश्न मला नगरला एका मुलाखतीत विचारला होता. मी 'नाही' म्हणालो. मला तसं वाटत नव्हतं, तरी म्हणालो. मनात होतं ते तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. लिहून काही बदलणार नाही, हेही मला कळतं.

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव पाथर्डी तालुक्यात. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तापायला लागला की परत येतात. शाळेची सगळी वर्षं मी त्या दिवसांत आत्याकडे राहायचो. दोन वर्षांपासून आईच्या कंबरेत दुखत होतं. पाथर्डीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की मणका दबलाय, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. ऊसतोडीत बाईचं अर्धं काम म्हणजे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणं. त्यामुळे या मुलाखतीवर काय अवलंबून होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. जहाजावर वेटरचं काम मिळालं तर आई तोडीला जाणार नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुकादमाला तसं सांगितलंही होतं, "पोराचं काय हुतंय बघू, दसऱ्याला सांगतो."

सरांनी वर्गात सांगितलं, पांढरा शर्ट, काळी पँट आणि वर कोट. शर्ट-पँट कॉलेजच्या गणवेशाचीच होती. कोट नव्हता. शनिवारी घरी गेलो तेव्हा आबांना सांगितलं.

"मंग त्यात काय? आपल्यात हाय की कोट."

"आबा, तो दादाच्या लग्नातला आहे."

"लग्नातला म्हंजे? कोट तो कोट. चार तास घातलाय त्यानं. नवाच हाय."

आमच्या वाडीत कोट असतो तो नवरदेवाचा. लग्नात सासरवाडीकडून शिवून येतो, एक दिवस अंगात जातो आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला. दुसरा कुठला कोट असू शकतो हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला कॉलेजात सांगितलं होतं. पण त्यांच्यापुढं 'हा चालत नाही' हे शब्द तोंडातून निघेनात. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याचं लग्न त्याच मे महिन्यात झालेलं. त्यानं पिशवी काढून दिली.

"ने की. मला कुठं परत लग्न करायचंय."

आतून वहिनी म्हणाली, "आत्ताच असं म्हनताय व्हय? बघते."

कोट मरून रंगाचा होता, कॉलर चकचकीत, आणि छातीवर पानाच्या आकाराचा एक खडा. खडा मी काढून ठेवला. बाहीवर हळदीचं बोट लागलेलं होतं. आईनं ते साबणाच्या फडक्यानं पुसलं आणि डाग पिवळ्याचा लाल झाला. "उन्हात जातो गं तो," असं ती स्वतःशीच म्हणत राहिली. पण भाद्रपदाचे दिवस, आभाळ भरलेलं. ऊन पडलंच नाही. तिनं बाही आतून दुमडून दोन टाके घातले.

"दिसत न्हाई आता. दिसतंय का?"

"नाही दिसत."

दिसत होतं.

मुलाखती कॉलेजच्याच ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये होत्या. व्हरांड्यात आम्ही वीसेक जण उभे. सगळ्यांचे कोट काळे नाहीतर निळे. मी जिना चढून आलो तसा एक जण ओरडला, "अरे, वरात आली!"

"घोडा कुठं लावला रे, पार्किंगला?"

"हसू नका, नवरदेव रुसला तर जेवण नाही मिळायचं."

मी पण हसलो. माझ्याच बाकावर बसणारा मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "टाय कुणी बांधला हा? थांब, मी बांधतो." बांधता बांधता म्हणाला, "कोट घाल म्हटलं की तू नेमका हाच घेऊन येतोस? मला फोन करायचा ना येड्या." करता आला असता. आबांनी दिलेला कोट पिशवीत ठेवून दुसऱ्याचा मागायचा, हे जमलं नाही. इतकंच कारण.

आत जहाज कंपनीची दोन माणसं होती. लॅपटॉप घेऊन बसलेल्या एक मॅडम आणि एक उंच सर, जे स्वतः बरीच वर्षं जहाजावर काम करून आले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी आधी सोप्या इंग्रजीत समजावून सांगितलं. सफरीत एक-दोन संध्याकाळी अशा असतात की जेवायला येताना पुरुषांनी कोट आणि बायकांनी लांब झगे घालायचे, अशी जुनी रीत आहे. आता प्रवाशांत त्यावरून दोन तट पडलेत. काही म्हणतात, याच संध्याकाळसाठी आम्ही येतो. काही म्हणतात, सुट्टीवर आलोय, इथंही गळ्याला फास कशाला? मग ते म्हणाले, "तू दारावर आहेस. मी प्रवासी."

ते बाहेर गेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शर्टाची दोन बटणं काढली आणि आत येऊ लागले.

मला त्यांना अदबीनं थांबवायचं होतं. वर्गात शिकवलेली वाक्यं पाठ होती. क्षमा मागायची, आज कोटाची संध्याकाळ आहे असं सांगायचं, वरच्या मजल्यावर साध्या कपड्यांत जेवता येतं ते सुचवायचं. पण मी आयुष्यात कुणाला दारात अडवलेलं नाही. अडवलेलं पाहिलंय. नगरला एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो, तेव्हा दारातल्या माणसानं आबांना विचारलं होतं, "केटरिंगवाले का? मागनं या." आम्ही मुलाकडचे पाहुणे होतो. आबा मागच्या दारानं आत गेले होते, आणि मीही.

उंच सर दारात आले आणि मी म्हणालो, "वेलकम सर." खुर्ची ओढून दिली. ते बसले.

मग ते पुन्हा मुलाखत घेणारे झाले. त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे बोट केलं. "तिथं एक वयस्कर बाई बसल्यात असं समज. दोन तास लावून तयार झाल्यात. त्या तुझ्याकडे बघतायत. त्यांना काय सांगशील?"

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मला आई दिसली.

तोडीला जाताना आई पत्र्याच्या पेटीत तळाला एक जरीची साडी ठेवायची. पाच महिने ती साडी बाहेर निघत नसे. तोडताना बायका साडीवरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर उसाच्या वाळल्या पाल्यानं, पाचटानं, हात चिरतात. सगळा हंगाम आई त्या शर्टात. मग कारखान्याचा पट्टा पडायचा, म्हणजे गाळप संपायचं. त्या दिवशी सगळ्या कोप्यांपुढं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांपुढं, पाचट पेटवून पाणी तापवायचं. अंगावरचा उसाचा चिकटा घासून काढायचा. बायका जरीची साडी नेसायच्या, नव्या बांगड्या भरायच्या. आबांची पांढरी टोपी पण पेटीतच असे. सगळे असे आवरून ट्रकमध्ये बसायचे आणि दिवस असतानाच गावात पोचायचे. घरापुढं कुणी उतरायचं नाही. एसटी स्टँडपाशी उतरायचं आणि सगळ्यांच्या समोरून चालत घरी जायचं. मी आत्याबरोबर स्टँडवर थांबलेलो असायचो. आई पायरीवर पाय ठेवून खाली उतरताना मला फार अभिमान वाटायचा.

मी नववीत असताना एकदा ट्रक आला आणि त्यातून आई उतरलीच नाही. मी स्टँडवर मित्रांना घेऊन उभा होतो. ट्रक पुढं निघून शाळेच्या मागं थांबला. आई बांधाबांधानं, तोंडावर पदर ओढून घरी आली. अंगावर तोच शर्ट. मी रागावून विचारलं, "साडी का नाही नेसलीस?"

"डायवरनं थांबू दिलं न्हाई रे. अर्धा तास मागत हुते आमी आवरायला. अर्धा तास. न्हाईच थांबला." आणि ती रडायला लागली. पाच महिन्यांत काय काय झालं असेल, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्या अर्ध्या तासाचं मात्र किती तरी दिवस सांगत होती.

हे सगळं माझ्याजवळ होतं. त्या टेबलावरच्या बाईंना काय सांगायचं, हे त्या खोलीत कदाचित मलाच सगळ्यांत चांगलं कळत होतं. बाई, तुम्ही आवरून आलात ते मी पाहिलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण मराठीतून इंग्रजीत यायला एकही शब्द तयार होईना. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

सर म्हणाले, "बरं, ते सोड. तुला स्वतःला काय वाटतं? लोकांना अशी संध्याकाळ अजून हवी असते?"

माझ्या आधीचा मुलगा बाहेर येऊन म्हणाला होता की 'आता कुणाला नको असतं' असं सांगितल्यावर सरांनी मान हलवली. शिवाय अंगावरच्या कोटाची लाज वाटत होती.

"नो सर. नोबडी वॉन्ट्स."

मॅडमनी एका कागदावर सही करायला सांगितली. पेन काढायला मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, तर पेनाबरोबर अक्षता बाहेर आल्या. कुंकवाचे लाल तांदूळ, टेबलावर, लॅपटॉपवर. मॅडम हसल्या. सरही हसले आणि म्हणाले, "कुणाला नको असतं, तर तू लग्नाला निघाल्यासारखा का आलास?" त्यांनी ते हलकेच म्हटलं होतं. मी "सॉरी सर" म्हणालो आणि तांदूळ एकेक करून गोळा करत बसलो.

चार दिवसांनी वर्गाच्या ग्रुपवर यादी आली. पाच नावं होती. मी ती खालून वर, वरून खाली वाचली. कॉलेजचे सर म्हणाले, "पुढच्या वर्षी परत बघू." घरी फोन केला तर आईनंच उचलला.

"कवा जायाचं बोटीवर?"

"नाही झालं आई."

तिकडं तिनं शेळीला हाकललेलं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "कोट बरा न्हवता का?"

"कोट चांगला होता."

"मंग?"

"मला बोलता आलं नाही."

"जाऊ दे. समिंदराचं मला भ्याच वाटत हुतं." मग फोन न ठेवताच तिनं आबांना सांगितलं, "मुकादमाला व्हय म्हना."

मोळ्या उचलायला मी गेलो. दुसरं कोण जाणार? हजेरी कमी पडणार हे सरांनी आधीच सांगितलं होतं आणि ती पडली. शेवटचं वर्ष मला आता परत करावं लागेल. आई बसून तोडायची, मी उचलायचो. नेवाशाच्या बाजूला आमच्या कोप्या होत्या. पहिल्या महिन्यात मान वळत नव्हती. आई हे इतकी वर्षं करत होती, ते मला तेव्हा कळलं. वाकून मोळ्या बांधता बांधता तिची कंबर त्या हंगामात आणखी गेली. सकाळी उठून उभं राहायला तिला आता आधार लागतो.

पट्टा पडला त्या दिवशी ट्रक घेऊन एक नवीन ड्रायव्हर आला. तरुण होता, चहा पीत बोनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या मावशी, आवरून घ्या निवांत. मी थांबतो तासभर. मला काय घाई न्हाई."

मी लगेच पाचट पेटवलं. पाणी ठेवलं. पेटी उघडत आईला म्हणालो, "चल, साडी काढतो."

पेटीत भांडी होती, माझी दोन पुस्तकं होती, आबांची टोपी होती. साडी नव्हती. इतके महिने पेटी त्याच कोपीत होती, आणि मी कधी तळापर्यंत पाहिलं नव्हतं.

"आनली न्हाई या वर्षी," आई म्हणाली. "कुनाला पायजे आता ते."

"मागच्या वर्षी तर नेसली होतीस."

"मागल्या वर्षी नेसले." ती कोपीच्या मेढीला धरून उठली. "चल, त्या पोराला कशाला थांबवायचं."

ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "खरंच निघायचं? बघा हां, नंतर माझं नाव घ्याल." आबा म्हणाले, "निघ बाबा."

तापत ठेवलेलं पाणी मी विस्तवावर ओतून टाकलं.

गावात पोचलो तेव्हा दिवस होता. आबांनी ट्रक शाळेच्या मागं घ्यायला सांगितला, पण आई नको म्हणाली, तेवढं चालवत नाही. स्टँडवरच थांबलो. पानाच्या टपरीपाशी माणसं होती, एसटीची वाट बघणाऱ्या बायका होत्या. मी आधी उतरून हात दिला. आई शर्ट न काढता, पदरही न ओढता, सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली आली.

कुणी तरी विचारलं, "तुमचा पोरगा बोटीवर जानार हुता ना?"

आई म्हणाली, "ह्यो काय, हितंच हाय." आणि माझ्या खांद्याला धरून चालायला लागली.