आण्णाची मिशी

"आत्ती, आण्णा गेलं…" आण्णाच्या पोराचा, माझ्या भाच्याचा फोन आला. रोजच्यासारखा दाढी करायला आरशापुढं उभा राहिला आणि तिथंच खाली बसला म्हणे. माझा थोरला भाऊ गेला, तोही आरशासमोर. मला त्याचं नवल वाटलं नाही.

कुंडलच्या बाजूचं आमचं गाव. आता सांगलीत असलं तरी तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. जत्रेचं नाटक म्हणजे आमच्याच घरचं. आजोबा तालीम घ्यायचे, चुलते पेटी वाजवायचे, वडील राजा व्हायचे आणि राणीच्या अंगावर आईचा लग्नातला शालू असायचा. महायुद्धात वडील पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. पुढच्या जत्रेला राणी करणारा गडीही गिरणीत कामाला गेला आणि नाटक बंद पडायची पाळी आली. आण्णाचा गळा गोड, तो राणी व्हायला तयार झाला. अडचण फक्त मिशीची होती. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही, ती बापाच्या दहाव्यालाच. आईनं बजावलं, "शिपाई कर, न्हाईतर राजा कर. पर बा लडाईवर हाय, मिशीला हात लावायचा न्हाई." आजोबा म्हणाले, "आगं, देवाच्या कामाला कसला आलाय अपशकुन?" आण्णानं आजोबांचं ऐकलं. मला अजूनही आजोबांचा राग येतो. नाटकापुढं त्यांना घरातलं दुसरं काही दिसायचंच नाही.

राणी झालेल्या आण्णाला बघून बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आईनं शालू दिला, पण ती आली नाही…

मांडव उतरत होता तेव्हाच तार आली. वडील लढाईत पडले होते, तेही जत्रेच्या आधीच. म्हणजे आण्णानं मिशी काढली तेव्हा ते नव्हतेच. चुलत्यांनी हे आईला परोपरीनं समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि उठून आत जायची. चुलते सांगत, दहाव्याला नदीवर न्हावी वस्तरा घेऊन आण्णापुढं बसला आणि तसाच थांबला. ओठावर नुसते खुंट होते. आण्णा घरी आल्यावर आई म्हणाली, "बाची व्हती ती. नाटकाला दिलीस." तेवढंच. पुढं ती त्याच्याशी कधी बोलली नाही. "त्याला म्हणावं जेवून घे," हेसुद्धा माझ्याकरवी.

आण्णानं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही आणि मिशीही ठेवली नाही. नाटकातला आरसा त्यानं दाराशेजारी टांगला होता, त्यात बघून रोज ओठ साफ करायचा. पारावरची पोरं "राणीसरकार निघाल्या" म्हणून खिदळायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आरं, ठेव की आता मिशी. लोकांची तोंडं तरी बंद हुतील." तो म्हणाला, "आक्के, आई बोलंल तवा ठेवीन." आई न बोलताच गेली.

भाच्याला मात्र चांगली झुपकेदार मिशी. "मी हाय तवर हात लावू नगंस," असं आण्णानं त्याला बजावलेलं. दहाव्याला तो नदीवरून आला आणि त्याच आरशापुढं उभा राहिला. काचेवर आण्णाच्या साबणाचे शिंतोडे तसेच होते. "आत्ती, कसा दिसतोय?" त्यानं वळून विचारलं. मी बघितलं. हुबेहूब आण्णा. जन्मभर मी ज्याला आण्णाचा चेहरा समजत आले, तो बापाच्या दहाव्याहून नुकत्याच परतलेल्या पोराचा चेहरा होता.