दहा मोजेपर्यंत

आरमोरीपासून दोन कोसांवरच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातला मिथुन दुबईत बॉक्सिंग खेळून पोट भरतो, हे गावानं आधी मुळीच मानलं नाही आणि नंतर फारच मानलं. "तिकडं मार खायचे पैसे भेटतात म्हणते," असं पानठेल्यावर कोणी म्हटलं की त्याचा बाप देवराव छाती काढून सांगायचा, "मारायचेबी भेटतात!" खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी खाण्याचंच प्रमाण जास्त होतं.

मिथुन गेला होता चौकीदार म्हणून. एका उंच इमारतीच्या तळघरात जिम होती. तिच्या दाराशी उभं राहायचं, कार्ड पाहायचं आणि आल्यागेल्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, एवढंच काम. एका दुपारी जिम रिकामी होती, म्हणून त्यानं आत टांगलेल्या पोत्याला गंमत म्हणून दोन ठोसे हाणले. मागे बघतो तर पेशावरचे बशीर उस्ताद, तिथले कोच, कमरेवर हात ठेवून उभे. नोकरी गेलीच, असं मिथुनला वाटलं.

उस्तादांनी एवढंच विचारलं, "कमर घुमाना किसने सिखाया?"

आता काय सांगायचं? लहानपणापासून तलावात उभं राहून जाळं फेकलेलं. जाळं हातानं नाही, कमरेनं फेकतात, नाहीतर ते उघडतच नाही. "बाप ने," तो म्हणाला, आणि उस्तादांना वाटलं, याचा बापही मोठा बॉक्सर असणार.

त्या दिवसापासून आठ तास दाराशी आणि चार तास पोत्याशी असा दिवस सुरू झाला. पोस्टरवर त्याचा फोटो नसायचा. असलाच तर अगदी तळाला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बारा लढतींत त्यानं सात जिंकल्या. गावाच्या समजुतीप्रमाणे बाराच्या बारा जिंकल्या होत्या, आणि देवरावनं ती समजूत कधी दुरुस्त केली नाही.

घोळ झाला तेराव्या लढतीत. ही जिंकलास तर दोन वर्षांचा करार देतो, मग दाराशी उभं राहायला नको, असं लढती भरवणाऱ्या शेठनं सांगितलं होतं. समोर फिलिपीन्सचा रोमेल. तिसऱ्या फेरीत मिथुनचा डावा ठोसा असा बसला की रोमेल उताणा. नियम असा, की पाडणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मगच पंच दहापर्यंत मोजणार. मिथुनला नियम तोंडपाठ होता, पण हातांना नव्हता. तलाव आटत आला की सारा मोहल्ला मिळून जाळं ओढतो. तेव्हा चिखलात कोणी पडला, की आधी त्याला उचलायचं, मासोळ्या मग. विचार करत कोणी थांबत नाही, कारण चिखल पाय सोडत नाही. मिथुननं खाली वाकून रोमेलच्या बगलेत हात घातले आणि त्याला उभा केला. वर चिखल झटकावा तशी पाठही झटकून दिली.

पंच बघतच राहिला. मिथुनचे गुण कापले गेले. पुढच्या फेरीत रोमेलनं मिथुनला आडवं केलं आणि नियमाप्रमाणे कोपऱ्यात जाऊन शांत उभा राहिला.

 चौथ्या दिवशी उस्ताद म्हणाले, शेठ अजून एकच संधी देतोय, ही गेली तर जन्मभर दाराशीच. मिथुनला समोरच्याची भीती नव्हती, भीती होती स्वतःच्या हातांची. त्यानं घरी फोन लावला. आईनं, मनकर्णानं, उचलला.

"माय, पडल्याले पह्यले उचलाव, हे तूच शिकवलं ना वं?"

"मंग? चुकीचं शिकवलं काय?"

"चुकीचं नाई. पण इथी दहा मोजेपर्यंत हात लावू देत नाईत."

"तिथी चिखल हाय काय?"

"नाई."

"पाणी?"

"नाई वं माय, कापड हाय खाली."

"मंग बुडते कोण? मोजू दे ना बापा त्याईले दहा. तू अकरावर उचलजो."

लढत दुपारी चारला होती, कारण नाव नसलेल्यांना आधी उरकतात. घानाचा क्वामे त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता आणि चार फेऱ्या त्यानं मिथुनला चांगलंच कुटलं. पाचवीत मात्र मिथुननं कमर फिरवली आणि क्वामे कोसळला. मिथुनचे हात पुढे निघालेच होते. तो वळून पळतच कोपऱ्यात गेला, दोन्ही हात दोरांत गुंतवले आणि मोजू लागला. पंच इंग्रजीत, हा मराठीत.

सहावर क्वामे कोपरावर उठला. मिथुनला करार हवा होता, फार हवा होता, आणि तरी हा माणूस असा पडलेला त्याला बघवत नव्हता. आठवर कोपर घसरलं. नऊ. दहा. पंचानं हात हलवले. उस्ताद मिठी मारायला दोरांतून आत उडी घेऊन आले, तर कोपऱ्यात कोणीच नव्हतं. मिथुन क्वामेशेजारी गुडघ्यांवर बसला होता. डॉक्टरनं "हं, आता उठवा" म्हणताच त्यानं बगलेत हात घातले. क्वामेनं डोळे किलकिले करून विचारलं, "तो उचलणारा तूच का?" आणि सुजल्या ओठांनी हसला.

संध्याकाळी फोनवर आधी देवराव ओरडला, मग सारा मोहल्ला ओरडला. शेवटी फोन मनकर्णाच्या हाती आला. जिंकल्याचं तिनं काही विचारलंच नाही.

"उचलला काय रे त्याले?"

"हो माय. अकरावर."