हाय का?

दोघांनी एकमेकांशी बोलावं कसं, एवढ्याच प्रश्नावर आयुष्य घालवणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दूध डेअऱ्यांसाठी आम्ही भागीत सॉफ्टवेअर काढलं. एक सर्व्हर माझ्याकडे शिरूरला, दुसरा त्यांच्याकडे दौंडला. एक बंद पडला तर दुसऱ्याने सांभाळायचं. डेअरीवाले रोज विचारत, कधी सुरू करताय? आणि हे प्रोटोकॉल, म्हणजे मशिननी आपसात बोलायची रीत, निवडत बसलेले. डेअरीच्या फोनने सर्व्हरशी एचटीटीपीने बोलावं, एवढं ठरवायला त्यांनी पावसाळा घालवला. मांडवगणच्या आमच्या सासऱ्यांनी 'प्रोटोकॉल' इतक्यांदा ऐकलं, की शेवटी त्यांनी विचारलं, "मंत्री कवा येनार हाय? हार सांगून ठिवू का?"

हे खूळ मशिनपुरतं राहिलं असतं तर मी सोसलंही असतं. पण ह्यांना घरातही प्रत्येक वाक्याची पोच लागते. जेवताना मीठ मागितलं आणि अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मुकाट्याने पुढे केलं, तर हे घेत नाहीत. आधी 'ऐकलं' म्हणायचं. नुसती पत्रिका वाटणं म्हणजे त्यांच्या मते यूडीपी, म्हणजे पोच न मागणारा प्रोटोकॉल, "फेकली आन् निघाला, पोचली का न्हाई कुनाला ठावं?" म्हणून मुलीच्या लग्नात त्यांनी प्रत्येक पाहुण्याकडून फोनवर पत्रिका वाचून घेतली. काही जण रागावून आलेच नाहीत.

दोन सर्व्हरमधली लाइन मात्र सतत उघडी हवी, हा त्यांचा हट्ट. शिरूरने मधूनमधून विचारायचं, 'हाय का?' दौंडने म्हणायचं, 'हाय.' आम्ही पुण्याहून बोलावलेल्या इंजिनिअर बाईंना ते इंग्रजी 'हाय' वाटलं. फालतू रामराम म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. दोन्ही मशिननी एकमेकांना मेलेलं धरलं, दोघांनीही सगळं दूध आपापल्या हिशेबात मांडलं, आणि तालुक्याचं दूध एका सकाळीत दुप्पट झालं. मी डोकं धरून बसलो. साडू शांत.

"पाव्हणं, तीनदा इचारायचं. तिन्ही बारीला उत्तर न्हाई आलं, तवाच समोरचा गेला समजायचं. त्याच्या आधी न्हाई."

काल त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अजून शुद्ध आलेली नाही, असं अक्का सांगतात. त्यांचा फोन अक्कांजवळच आहे हे मला माहीत असूनही सकाळी मी त्यावर 'हाय का?' लिहून पाठवलं. दुपारी पुन्हा पाठवलं. ज्या पोचेवर मी इतकी वर्षं वैतागलो, तिच्यासाठी आज जीव टांगणीला लागला आहे.

तिसऱ्यांदा मी विचारणार नाही. लाइन उघडी ठेवली आहे.