पोळ्यापर्यंत थांबा

आखाडा बाळापूरजवळच्या एका शाळेत मी काही वर्षं खेळाची शिक्षिका होते. तिथं मी मुलींचा हॉकीचा संघ उभा केला. हॉकीच का, असं लोक विचारायचे. कबड्डी-खोखोला जिल्ह्यात ढीगभर संघ यायचे, हॉकीला मोजून तीन-चार. दोन सामने जिंकले की पोरी वरच्या स्पर्धेला जायच्या, आणि तिथं खेळलेल्या पोरीला दहावीला वाढीव गुण मिळायची आशा असायची. पालकांना पटवायला एवढं पुरत होतं.

मी स्वतः कॉलेजात हॉकी खेळलेली. दर हंगामाच्या सुरुवातीला मी ढिली असायचे. स्टिक हातात बसायची नाही, चेंडू पायाखालून निघून जायचा. आमचे सर वैतागून मला बाहेर बसवायचे. मग महिना-दीड महिन्यानं आपोआप सगळं जुळायचं आणि सर म्हणायचे, आता कुठं जागी झालीस. ते बाहेर बसणं मी विसरले नव्हते. आपण शिक्षिका झालो तर अशा पोरीला धीर द्यायचा, हे तेव्हाच ठरवलेलं.

मग सहावीत तांड्यावरची ती पोरगी आली. बंजाऱ्यांचा तांडा, शाळेपासून तासाभराच्या वाटेवर. उंच, काटकुळी, बोलायची कमी. जूनमध्ये मैदानाला एक चक्कर मारली तरी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी काही बोलले नाही. पोळा आला आणि बघता बघता ती मधल्या फळीत अशी खेळायला लागली की तिला ओलांडून चेंडू नेणं कुणाला जमेना. सातवीत पुन्हा तेच. जूनमध्ये मेल्यासारखी, पोळ्यानंतर वाऱ्यासारखी. आठवीतही तसंच. आमचे गणिताचे सर दरवर्षी म्हणायचे, हिच्या जागी दुसरी घ्या. मी म्हणायचे, पोळ्यापर्यंत थांबा. आणि दरवर्षी माझंच खरं व्हायचं.

त्याचा मला अभिमान वाटायला लागला होता. स्टाफरूममध्ये मी समजावून सांगायचे की काही खेळाडूंचं अंग उशिरा मोकळं होतं, सुटीत तुटलेली सवय जुळायला वेळ लागतो, अशांना हाकललं तर ते कायमचे मिटतात. एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणातही मी हे बोलले. उदाहरण म्हणून तिचीच गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती नववीत गेली. जूनमध्ये नेहमीसारखीच ढिली. जुलैत एके दुपारी खिचडीच्या शेडपाशी माझी ड्यूटी होती. लहान वर्गांची पंगत उठत आली होती आणि नववीच्या तीन पोरी शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. खिचडी आठवीपर्यंतच असते. मी हसतच म्हणाले, "तुमचं संपलं आता. मोठ्या झालात. जा वर्गात." त्या गेल्या. त्या तिघींत ती होती.

पोळा आला, गेला. तिच्यात काही फरक पडला नाही. उलट ती जास्तच मंद झाली. या वयात पोरी एकदम वाढतात, अंग जड होतं, असं मी मनाशी म्हणत राहिले. एका सकाळी ती जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आज बसू का?" मी म्हणाले, बस, काही घाई नाही. ती झाडाखाली बसली आणि तिथंच गुडघ्यावर डोकं ठेवून झोपली. मी तिला उठवलं नाही. तो माझा चांगुलपणा आहे, असंच मला वाटत होतं.

तिच्या बाजूला खेळणारी पोरगी बाळापूरच्या एका कापड दुकानदाराची. मुस्लिम घरातली, तोंडानं फटकळ, पण दोघींचं चांगलं जमायचं. एक दिवस ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तिला काहीतरी होऊन राहिलं. तुमी बघा ना."

"ती दरवर्षी उशिरा लागते," मी म्हणाले. "तू तुझा खेळ बघ."

आपलं कुणी ऐकणार नाही हे कळलेल्या माणसासारखी ती माझ्याकडं बघून निघून गेली. आज मला त्या पोरीचं ते बघणं जास्त छळतं.

सामना हिंगोलीला होता. पहिल्या अर्ध्यात आमच्यावर दोन गोल झाले, दोन्ही तिच्या बाजूनं. राखीव पोरगी तयार होती, पण मी बदल केला नाही. आता उठेल, आता उठेल, हेच डोक्यात. दुसऱ्या अर्ध्यात चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना ती खाली बसली. स्टिकवर हात टेकून बसली आणि मग सावकाश आडवी झाली. कुणाचा धक्का लागला नव्हता, चेंडू लागला नव्हता. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा मला कळलं की मी जागची हललेच नाही. मग धावले. तिचे ओठ राखेसारखे झाले होते.

बाकीच्या पोरींना बरोबर आलेल्या गणिताच्या सरांकडं सोपवून मी तिला ऑटोत घातलं. दुकानदाराची पोरगी न विचारता आत येऊन बसली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि मलाही बघायला लावलं. आत लाली म्हणून नव्हती. मग त्या स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.

"दिवसभरात काय खातेस गं?"

"सकाळी चहा. रातच्याला भाकर."

"आणि दुपारी?"

ती छताकडं बघत होती. "दुपारचं आठवीपर्यंत व्हतं," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला लागला होता. दुकानदाराच्या पोरीनंच सांगितलं, की शाळेत खिचडी आठवीपर्यंतच मिळते.

मग तिच्याकडूनच कळलं. उन्हाळ्यात ती आईबरोबर कुरुंद्याकडं हळदीच्या कामाला जायची. एका वेळच्या जेवणावर दोन महिने उन्हात काढून ती जूनमध्ये शाळेत यायची. मग रोज दुपारची खिचडी, दोनदा वाढून घेतलेली. पोळ्यापर्यंत तिच्या अंगात बळ यायचं. त्यात माझ्या शिकवण्याचा काही भाग असेलही, पण ज्याला मी माझा धीर म्हणत होते त्याचा काडीचा संबंध नव्हता. मी स्वतः शिक्षकाच्या घरात वाढले. मी हंगामाला उशिरा लागायचे तेव्हा पोटभर जेवून उशिरा लागायचे. ती माझ्यासारखीच आहे, असं मी चार वर्षं धरून चालले आणि तिला एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर तांड्यावर गेले. तिची आई मजुरीला न जाता थांबली होती. तिनं चहा केला, मी बोलले ते ऐकून घेतलं. म्हणाली, "मी अंधारात निघते मॅडम. सकाळी भाकरी टाकायला व्हत न्हाई. पोरगी म्हणती, शाळेत भेटतं." मी तिला सांगितलं की या वर्षापासून भेटत नाही. तिला ते माहीतच नव्हतं. तिनं मुलीकडं बघितलं.

"सांगितलं काहून न्हाई?"

"सांगून काय व्हतं, याडी," पोरगी आईला म्हणाली. "तू तुझ्यातली ठेवून गेली असती."

आई उठली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मी निघेपर्यंत ती धूतच होती.

त्यानंतर मी सरावाला शेंगदाणे, गूळ आणि उकडलेली अंडी न्यायला लागले. तिला एकटीला वेगळं वाटू नये म्हणून सगळ्या संघाला. डॉक्टरबाईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या. आई अर्धी झोप मोडून सकाळची भाकरी करू लागली. थंडी सुरू झाली तेव्हा ती पुन्हा धावायला लागली, पण तोवर सामने संपले होते. दहावीला आईनं तिला खेळू दिलं नाही. मैदानावर पडलेली पोरगी, पुन्हा काही झालं तर काय करू, म्हणाली. मी आग्रह केला नाही. आग्रह करायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. ती वाढीव गुणांशिवायच पास झाली.

पुढं दोन-तीन वर्षांनी वारंगा फाट्यावर ती भेटली. एका औषधाच्या दुकानात कामाला होती. गर्दीतून बाहेर येऊन पाया पडली. आता तब्येत बरी असते, म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, तुमी लई चांगल्या व्हत्या. बाकीचे ओरडायचे, तुमी कधी ओरडल्या न्हाईत." मी काहीतरी बोलून बसकडं निघाले.

आता माझी शाळा वसमतकडं आहे. यंदा संघात आठवीतली एक पोरगी आहे, जूनपासून ढिली. दुसऱ्याच आठवड्यात मी तिच्या घरी जाऊन थडकले. मोठं घर, दारात म्हशी. तिच्या आईनं मला जेवू घातलं आणि सांगितलं की हिचं सगळंच उशिरा, चालायलासुद्धा उशिराच लागली होती. घरातले सगळे हसले. मीही हसले. तरी माझा विश्वास बसत नाही. रोज सराव संपला की मी तिला बाजूला घेते आणि ओंजळीत शेंगदाणे ओतते. परवा ती कंटाळून म्हणाली, "मॅडम, खरंच भूक न्हाई मला."

मी म्हणाले, माझ्यासमोर खा. ती एकेक दाणा तोंडात टाकत राहिली आणि मी तिचे दाणे संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.